जपानी दागिन्यांवरचे शिक्के : 'के१८', '१८के' आणि तो चिमुकला ध्वज

तोळामासा
गेली नऊ वर्षे आम्ही टोकियोच्या निशी-कासाई भागात राहत आहोत. या काळात माझ्याकडे दोन जपानी सोन्याच्या वस्तू आल्या. पहिली हातातली साखळी. तिला इथे 'किहेइ' म्हणतात. कड्या पिळून एकमेकींत बसवायच्या आणि मग त्यांच्या कडा तासून सपाट पैलू पाडायचे, असा तिचा घाट असतो. माझी सहा पैलूंची आणि दुहेरी कडीची आहे. ती मी जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. दुसरी वस्तू म्हणजे 'ओबिदोमे', किमोनोच्या पट्ट्यावरून जी दोरी बांधतात तिच्यात ओवायचे पदक. शेजारच्या आजींनी घर आवरताना ते मला दिले. मधोमध कोरलेले पोवळे आणि भोवती सोन्याची पाने, असे ते आहे.

मागच्या सुट्टीत पुण्याच्या एका पेढीवर साखळी दाखवली. यंत्रात ७५.१ टक्के सोने दिसले, तरी "यावर आपला हॉलमार्क नाही, मोडीत घेताना तूट धरावी लागेल," असे उत्तर मिळाले. इकडे टोकियोतल्या एका खरेदी-काउंटरवर ओबिदोमेचा शिक्का भिंगातून पाहून तिथल्या माणसाने अतिशय नम्रपणे मान हलवली. कारण शिक्का 'के१८' (के म्हणजे कॅरेट) असा नव्हता, '१८के' असा होता. के हे अक्षर आकड्याच्या मागे आले की वस्तूची किंमत का उतरते, साखळीच्या फाशाजवळच्या पट्टीवर 'के१८'च्या उलट्या बाजूला जे ठिपक्याएवढे चिन्ह आहे (मी ते आजवर दुकानाचे समजत होते) ते कशाचे, आणि आपल्यासारखे बावीस कॅरेटचे दागिने इथल्या दुकानांत जवळजवळ का दिसत नाहीत, या तीन गोष्टी जाणकारांनी समजावून द्याव्यात.

ओसाकावासी
ताई, ते चिन्ह एकदा दहापट भिंगाखाली पाहा. एका काठीला लावलेला सूर्याचा ध्वज आणि त्याच्या शेजारी पत्त्यांतल्या चौकटसारख्या चौकोनात ७५० हा आकडा, असे दिसले तर तुमच्या साखळीवर जपानच्या टांकसाळीचा शिक्का आहे. ही टांकसाळ इथे ओसाकात १८७१ साली सुरू झाली. नाणी पाडणे हे तिचे मुख्य काम. मात्र १९२९ सालापासून ती दागिन्यांची शुद्धता तपासून त्यावर आपली खूणही उमटवत आली आहे. चौकटीतला आकडा हजारी भागांत असतो. चोख सोन्याला ९९९, बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५० आणि चौदाला ५८५.

आपल्याकडच्या वाचकांनी एक फरक लक्षात घ्यावा. जपानमध्ये हॉलमार्क सक्तीचा नाही. कारखानदार स्वतःहून माल टांकसाळीकडे पाठवतो, शुल्क भरतो, आणि माल तपासणीत उतरला तरच ध्वज मिळतो. बाकी बाजारातल्या असंख्य अंगठ्यांवर, डुलांवर नुसते 'के१८' असते. ते घडवणाऱ्याने स्वतः मारलेले असते. खोटे लिहिले तर ग्राहकाची दिशाभूल म्हणून कायदा आड येतो, पण विक्रीपूर्वी तिऱ्हाइताने तपासलेच पाहिजे असे बंधन नाही. 'के१८' हा घडवणाऱ्याचा शब्द आणि ध्वज ही सरकारची साक्ष, असा भेद मी मनात करतो. किहेइ साखळ्या लोक दागिना म्हणून घेतात तितक्याच ठेव म्हणूनही घेतात, त्यामुळे तिऱ्हाइताची साक्ष त्यांच्यावर विशेष दिसते. नाजूक अंगठीच्या आतल्या बाजूला तेवढी जागा नसते आणि घेणाऱ्यालाही तेवढी गरज वाटत नाही.

रोखठोक
मागे के म्हणजे खोटा माल. माझ्या मित्राने दक्षिण-पूर्व आशियातून आणलेली '१८के' साखळी टोकियोत तपासली तेव्हा सोने अठरापेक्षा बरेच कमी निघाले. जपानी लोकांनी याला 'आतो-के', म्हणजे 'मागचा के', असे नावच देऊन ठेवले आहे. यात आणखी समजावण्यासारखे काय आहे?

कागदोपत्री
रोखठोक, आपल्या मित्राचा अनुभव खरा असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष फार घाईचा आहे. आकड्याआधी के लिहिणे ही जपानमध्ये रुळलेली रीत आहे, आणि आकड्यानंतर के ही जगात बहुतेक ठिकाणची. भारतातही आपण '२२के९१६' असेच लिहितो. मग आपले सगळे सोने खोटे म्हणायचे काय? परदेशातून आलेल्या मालात आणि जुन्या जपानी मालात मागचा के सापडतो. त्यातल्या काही मालात सोने लिहिल्यापेक्षा कमी निघाले, म्हणून खरेदीदार असा शिक्का दिसताच सावध होतात आणि तपासल्याशिवाय भाव सांगत नाहीत. सावध होणे वेगळे आणि खोटे ठरवणे वेगळे. काउंटरवरच्या माणसाने मान हलवली, पण वस्तू यंत्राखाली ठेवली का, हे ताईंनी लिहिलेले नाही.

माझ्या मते के पुढे की मागे यापेक्षा त्याला चिकटून कोणती अक्षरे आली आहेत ते आधी पाहावे. 'के१८जीपी' म्हणजे नुसता मुलामा, आपल्या भाषेत पाणी दिलेला डाग, म्हणजे दागिना. 'जीएफ' म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला. त्याच्या आधी '१/२० १२के' असे असेल तर एकूण वजनाचा विसावा भाग बारा कॅरेटचा आहे, असा त्याचा अर्थ. याउलट 'के१८डब्ल्यूजी' आणि 'के१८पीजी' ही अक्षरे अनुक्रमे पांढऱ्या आणि गुलाबी सोन्याची आहेत आणि त्यांत सोने पूर्ण पाऊण असते. 'पीटी९००' दिसले तर ते प्लॅटिनम. लग्नाच्या अंगठीसाठी जपानी जोडप्यांची पहिली पसंती बहुधा त्यालाच असते.

गुजरीकर
कोल्हापूरच्या गुजरीत आमच्या तीन पिढ्या कसोटीच्या दगडासमोर बसल्या, त्यामुळे मला या विषयावर बोलल्यावाचून राहवत नाही. कसोटी जपान्यांकडेही होती. कुमानो भागातला नाचिगुरो नावाचा काळाभोर, बारीक पोताचा दगड ते कस लावायला वापरत. 'गो' या त्यांच्या पटावरच्या खेळातल्या काळ्या सोंगट्याही त्याच दगडाच्या करतात. दगडावर डाग घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची, तेजाब लावायचे आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. यंत्रे आली तरी रंगाची नजर या दगडानेच बसते.

ताईंना दोन सूचना. ओबिदोमेवर कुणालाही तेजाब लावू देऊ नका. पोवळे हा शेवटी चुनखडीचाच प्रकार. एक थेंब ओघळला तरी त्याची झिलई जाईल आणि ती परत येत नाही. दुसरी सूचना साखळीची. शिक्का पट्टीवर आहे, साखळीवर नाही. फासा तुटला म्हणून पट्टीसकट बदलला गेला असेल, तर ध्वज एका वस्तूची साक्ष देईल आणि वजन दुसऱ्या वस्तूचे भरेल. पट्टी आणि शेवटची कडी जिथे जोडली आहे तिथला डाक, म्हणजे सांधायला वापरलेला धातू, पाहा. मूळचा असेल तर त्याचा रंग साखळीत मिसळलेला असतो. नंतर लावलेला बहुधा फिकट किंवा लालसर दिसतो, आणि त्याच्या आजूबाजूच्या पैलूंची धार आचेने बोथटलेली असते.

रोखठोक
पण यंत्राने ७५.१ दाखवले आहे ना? मग पट्टी, डाक आणि दगड हा सगळा खटाटोप कशासाठी?

नाणेघाट
रोखठोक यांच्या प्रश्नाला जपानच्या इतिहासातच चांगले उत्तर आहे. पेढीवरचे क्ष-किरण यंत्र वस्तूच्या वरच्या काही सहस्रांश मिलिमीटर थराचे वाचन करते. आत काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि वरचा थर आतल्यापेक्षा चोख करून दाखवण्याची कला जपानच्या नाणेकारांनी तीनशे वर्षांपूर्वी अगदी राजमान्य रीतीने वापरली होती.

१६०१ साली जपानचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याने 'केइचो कोबान' हे लंबगोल सोन्याचे नाणे पाडले. त्याचे वजन सुमारे १७.९ ग्रॅम, आणि सोने शंभरात ८४ ते ८६ भाग. १६९५ साली तिजोरी रिकामी होत आल्यावर ओगिवारा शिगेहिदे या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने ते वितळवून 'गेन्रोकू कोबान' पाडले. वजन तेच ठेवले, सोने मात्र ५७ भागांवर आणले आणि उरलेली जागा चांदीने भरली. एवढी चांदी मिसळल्यावर नाणे फिकट, हिरवट झाक मारणारे दिसायला हवे होते. ते तसे दिसले नाही, कारण नाण्यावर 'इरोआगे' केली जात असे. मीठ, सोरा, मोरचूद अशा द्रव्यांचा लेप नाण्यावर द्यायचा, ते निखाऱ्यावर तापवायचे, पाण्यात टाकायचे आणि घासायचे. क्षार वरच्या थरातली चांदी खाऊन टाकतात आणि सोने तसेच राहते. या नाण्यावर वरून काही चढवलेले नसते, उलट काढून घेतलेले असते; त्यामुळे मुलाम्यासारखा पापुद्रा कधी सुटत नाही. अशा नाण्याचा वरवरचा कस दगडावर चांगला उतरेल आणि आजच्या यंत्रातही आकडा फुगून येईल. खोल कानस मारली तरच खरे पोट दिसते.

कोबानवरही शिक्के असत. वर-खाली पंख्याच्या चौकटीत किरीच्या झाडाचे राजचिन्ह, मध्ये 'एक र्यो' ही किंमत, आणि गोतो घराण्यातल्या मित्सुत्सुगूची वळणदार सही. चौऱ्याऐंशी भागांच्या नाण्यावर आणि सत्तावन्न भागांच्या नाण्यावर सही एकच! कस कमी झाला म्हणून शिक्क्याचे वळण बदलले नाही. लोकांना फरक कळत होता. त्यांनी जुनी नाणी घरात दडवली आणि नवी बाजारात चालवली. पुढे १७१० च्या नाण्यात कस पुन्हा ८४ वर आणला, पण वजन निम्म्यावर आले. हे नाणे जिथे तयार होई ती 'किन्झा', म्हणजे सोन्याची टांकसाळ, एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, निहोनबाशीत होती. आज त्याच जागेवर बँक ऑफ जपानचे मुख्यालय उभे आहे.

कारखान्यातल्या साखळीवर कुणी इरोआगे करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण 'यंत्राने सांगितले' हा शेवटचा शब्द मानू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

ओसाकावासी
नाणेघाट यांच्या माहितीला एक जोड देतो. पोटात काय आहे ते वस्तू न कापता पाहायचे असेल, तर पाण्यात वजन करणे हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. चोख सोन्याची घनता १९.३, अठरा कॅरेटच्या पिवळ्या सोन्याची, चांदी आणि तांबे किती मिसळले आहे त्यानुसार, १५ ते १६ च्या आसपास. साखळी भरीव असेल आणि तिला खडा नसेल, तर ग्रॅमचा शतांश दाखवणाऱ्या काट्यावर हे घरीही करता येते. कड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा आणि साखळी हलवून घ्यावी. पोवळ्याच्या ओबिदोमेवर मात्र या रीतीचा उपयोग नाही, कारण पोवळ्याचे वजन त्यातून वेगळे काढता येत नाही.

तोळामासा
सर्वांची मी आभारी आहे. काल रात्री मुलाचे दहापट भिंग घेऊन बसले. ध्वज आहे! काठी आहे, गोल आहे, शेजारच्या चौकटीत ७५० आहे. सगळे मिळून तांदळाच्या कण्यापेक्षा लहान. गुजरीकरांनी सांगितल्याप्रमाणे डाकही पाहिला. साखळी आणि पट्टी यांच्या रंगात मला तरी फरक दिसला नाही, आणि शेवटच्या कडीचे पैलू इतर कड्यांइतकेच धारदार आहेत. पाण्यातले वजनही केले. हवेत २०.०४ ग्रॅम, आणि घनता १५.४ आली. पहिल्यांदा १४.८ आली होती, कारण मी साबणाचा थेंब विसरले होते.

तिसरा प्रश्न तेवढा राहिला. इथे अठरा कॅरेट दिसते, चोवीसही दिसते, आणि मधले बावीस कुठे गेले?

देव्हारा
याचे उत्तर मला असे वाटते की आपल्याकडे एकच दागिना दोन कामे करतो आणि जपानात ती दोन कामे वेगवेगळ्या वस्तूंना वाटून दिली आहेत. आपल्या पाटल्या अंगावर मिरवायच्याही असतात आणि अडीनडीला मोडायच्याही. त्यामुळे घालण्याइतके टणक आणि मोडताना घट कमी, अशा तडजोडीवर बावीस कॅरेट बसले. जपानी स्त्रीच्या पारंपरिक पेहरावात गळ्यातले, हातातले, कानातले दागिने फारसे नव्हतेच. केसांतल्या काड्या, कंगवे आणि नंतरच्या काळात ओबिदोमे एवढाच तिचा साज. अंगठ्या आणि हार आले ते मेइजी काळापासून, म्हणजे १८६८ नंतर, पाश्चात्त्य घाटासह, आणि त्या घाटात खडा पकडणारे बारीक काटे अठरा कॅरेटचेच बरे टिकतात. चोवीस कॅरेटच्या काट्यातून हिरा कधी निसटेल हे सांगता येत नाही. बावीस कॅरेट अगदीच नाही असे नाही, पण शोधावे लागते.

चोख सोने तिथे ठेवीच्या आणि पूजेच्या रूपात भेटते. लगडी, नाणी, के२४ ची किहेइ साखळी आणि 'ओरिन', म्हणजे घरातल्या बौद्ध देव्हाऱ्यापुढे वाजवायची वाटीच्या आकाराची घंटा. चोख सोन्याची ओरिन घेण्यामागे भक्तीखेरीज आणखी एक कारण असते. रोजच्या पूजेच्या वस्तूंवर जपानात वारसा कर लागत नाही. अर्थात कर खातेही काही डोळे मिटून बसलेले नाही. गुंतवणूक म्हणून बाळगलेली वस्तू देव्हाऱ्यात ठेवली म्हणून सुटत नाही. नाण्याच्या पदकातही ही वाटणी छान दिसते. आतले नाणे चोवीस कॅरेटचे आणि त्याला धरणारी चौकट अठराची. अशा पदकावर दोन शिक्के असतात, आणि घाईत एकच वाचणारा माणूस हिशेबात फसतो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये निहोनबाशीतल्या एका मोठ्या दुकानाच्या प्रदर्शनातून चोवीस कॅरेटचा चहाचा कटोरा चोरीला गेल्याचे आपण वाचले असेल. किंमत एक कोटी येनच्या वर आणि वजन सुमारे ३८० ग्रॅम. चोराने तो सुमारे अठरा लाख येनला विकल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या दिवसांच्या भावाने नुसत्या धातूची किंमतच त्याच्या दुपटीहून अधिक होती. कारागिरीचे मोल तर बाजूलाच राहिले.

रोखठोक
आमच्या आजीकडे दसऱ्याला घेतलेली वेढणी होती. चोख सोन्याची, बोटाने वाकतील अशी. ती कुणी रोज घालत नसे. म्हणजे ठेवीचे चोख सोने वेगळे ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहेच की.

देव्हारा
अगदी बरोबर. वेढण्याची आठवण मला झाली नाही, याची खंत वाटते. के२४ ची साखळी हे जपानचे वेढणेच म्हणा. फरक एवढाच की ती साखळी लोक घालतातही, आणि मग पैलू झिजले, कड्या लांबल्या अशी तक्रार करतात.

गुजरीकर
आता पुण्याच्या पेढीच्या उत्तराविषयी. आपल्याकडे १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी ओळख क्रमांकाशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही. हे बंधन विकणाऱ्या सराफावर आहे. घरच्या माणसाने आपला जुना, बिनशिक्क्याचा डाग मोडीत देण्याला त्याची आडकाठी नाही. आपला हॉलमार्क नसल्यामुळे पेढीला ती साखळी तशीच पुन्हा विकता येणार नाही, वितळवावी लागेल, हे खरे. त्यासाठी वितळवणीची घट धरणे समजू शकतो. पण शिक्का परका आहे म्हणून कसातच तूट धरणे मला पटत नाही. ताईंच्या २०.०४ ग्रॅममध्ये पाऊण भाग धरला तर चोख सोने १५.०३ ग्रॅम होते. वाटाघाटीला याच आकड्यापासून बसावे. मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहक म्हणून स्वतः दागिना नेऊन कस लेखी घेता येतो. तो कागद पुढे ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. आणि टोकियोतच विकायची असेल तर ध्वज तिथे सगळ्यांना वाचता येतो. जुन्या मालाच्या कायद्याने तिथे ओळखपत्र दाखवावे लागेल, ते सोबत ठेवा.

तोळामासा
धागा वर आणते आहे, कारण ओबिदोमेचा निकाल लागला. उएनोजवळच्या ओकाचिमाचीत, जिथे दागिने आणि खड्यांच्या दुकानांच्या रांगा आहेत आणि जयपूरकडचे बरेच व्यापारी आहेत, तिथे एका दुकानात मी ते घेऊन गेले. दुकानदारांनी आधी पोवळ्यावर कागद गुंडाळला, मग पदक यंत्राखाली तीन ठिकाणी ठेवले. पुढच्या दोन पानांवर ७४.८ आणि ७५.० आले. तिसरे वाचन त्यांनी मागच्या बाजूचे घेतले. दोरी जिथून ओवतात त्या पट्टीचे. ती चांदी निघाली.

आणि '१८के' हा शिक्का त्या चांदीच्या पट्टीवर आहे. कारागिराने शिक्का मारला पुढच्या सोन्यासाठी, पण पाने इतकी पातळ की त्यांच्यावर ठसा उमटवणे शक्य नव्हते, म्हणून मागच्या पट्टीचा आधार घेतला असावा, असे दुकानदारांचे म्हणणे. काउंटरवरच्या माणसाने यंत्र लावले होते का, असे कागदोपत्री यांनी विचारले होते. आता आठवते, लावले होते; पण पदक उलटे ठेवून, शिक्क्याच्या जागी.

दुकानदारांनी तीनही टंच, म्हणजे कसाचे आकडे, एका चिठ्ठीवर लिहून दिले. ती चिठ्ठी ओबिदोमेच्या लाकडी डबीत ठेवली आहे. साखळी पुढच्या महिन्यात पुण्याला नेणार आहे. गुजरीकर, तपासणी केंद्रात जाताना पट्टी साखळीपासून वेगळी करू द्यावी की नाही, तेवढे सांगा.

गुजरीकर
अजिबात नाही. पट्टी तशीच राहू द्या. कस मधल्या कडीवर घ्यायला सांगा आणि कापून नमुना घेणार असतील तर आधी विचारा म्हणावे.